जुना तुकडा टाकू नका

सुरतेचे माग आणि हिऱ्यांना पैलू पाडणारी चक्रे विजेच्या मोटारींवर फिरतात; साहजिकच मोटारी बांधून देणाऱ्या कारागिरांची या शहराला वाण नाही. तरीही घरातील ड्रिल मशीन बंद पडले की आपले मन नव्याकडे धावते. सुतारकामावर पोट असणाऱ्याला मात्र तो खर्च आणि बुडालेला रोज, दोन्ही जड जातात.

आम्ही सुचवू, की प्रथम प्लग काढून कार्बन ब्रश तपासावेत. फिरत्या कॉम्युटेटरवर घासून झिजणे हाच त्यांचा धर्म. बदलताना जोडीच बदलावी आणि जुना तुकडा दुकानी न्यावा. लांबी, रुंदी, जाडी व स्प्रिंग जुळली पाहिजे. बेअरिंगवर ६०८ हा आकडा असल्यास भोक ८, बाहेरचा व्यास २२ व जाडी ७ मिलिमीटर, मग कारखाना कोणताही असो. आर्मेचर जळले असेल, तर मात्र बांधणावळ आणि नव्या यंत्राची किंमत ताडून पाहावी.

डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल उघडले. तो हक्क बजावण्याची सुरुवात यंत्रावरील पट्टीचा मॉडेल क्रमांक वहीत टिपून ठेवण्यापासून होते; पट्टी पुसली गेल्यावर दुकानदारही हतबल होतो.