तलावाचं पाणी, ॲसिड आणि आपला जीव

आपल्या वस्तीतले अनेक जण बंगल्यांवर, फार्महाऊसवर साफसफाईच्या कामाला जातात. तिथल्या पोहण्याच्या तलावात क्लोरीन आणि ॲसिड टाकायचं कामही बहुधा त्यांच्याच वाट्याला येतं. काय टाकायचं ते सांगतात, का टाकायचं ते कुणी सांगत नाही. म्हणून या वेळी आम्ही हा विषय घेतला आहे.

पाणी आंबट की खारट-तुरट, हे पीएच सांगतो. शेतीच्या माहितीत त्यालाच सामू म्हणतात. तलावात तो 7.2 ते 7.8 असावा. तो 8.5 झाला, तर टाकलेल्या क्लोरीनचा जेमतेम दहावा हिस्सा जोमाने जंतू मारतो. मग पाणी हिरवट होतं, मालक म्हणतो 'अजून टाक', आणि वाफ आपल्या छातीत जाते. पीएच फार उतरला तर डोळे चुरचुरतात, लोखंडी शिडी गंजते.

पीएच एका जागी धरून ठेवते ती अल्कॅलिनिटी. ती दर लिटरला 80 ते 120 मिलिग्रॅम असावी. कमी असेल तर थोड्याशा ॲसिडनेही पीएच एकदम कोसळतो. म्हणून चाचणी पट्टीने आधी अल्कॅलिनिटी बघा, ती जागेवर आणा, मग पीएच.

अल्कॅलिनिटी वाढवायला खाण्याचा सोडा चालतो. 10,000 लिटर पाण्यात ती 10 ने वाढवायला सुमारे 170 ग्रॅम लागतो. 50,000 लिटरच्या तलावात 60 वरून 80 वर न्यायची, तर साधारण 1 किलो 700 ग्रॅम. पंप चालू ठेवा आणि पाच-सहा तासांनी पुन्हा तपासा. पीएच जास्त असेल तर ॲसिड थोडं थोडंच टाका.

आता जिवाशी गाठ असलेल्या गोष्टी:

• क्लोरीन आणि ॲसिड कधीही एकत्र करू नका. त्यातून विषारी वायू निघतो. दोघांच्या बादल्या, मगही वेगळे ठेवा.
• ॲसिड पाण्यात ओता. ॲसिडवर पाणी कधीही ओतू नका.
• दोन्ही एकाच बंद खोलीत ठेवू नका.
• तोंडाला बांधलेला रुमाल वायू अडवत नाही. रबरी हातमोजे आणि चष्मा घालाच.
• वास घशाला लागला तर काम टाकून लगेच मोकळ्या हवेत या. हा वायू हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत साचतो. खाली बसू नका.
• डोळ्यात उडालं तर वाहत्या पाण्याने निदान पंधरा मिनिटं धुवा आणि दवाखाना गाठा. खोकला, धाप थांबत नसेल तर वाट पाहू नका.

हातमोजे, चष्मा, चाचणीच्या पट्ट्या मालकाकडे मागा. ती मेहेरबानी नाही, कामाची गरज आहे. तलाव त्यांचा असला तरी फुप्फुसं आपली आहेत. घरातलं कुणी या कामाला जात असेल, तर आज संध्याकाळी हे पान त्यांना वाचून दाखवा.