यंत्रे पाण्यावरची, भाग ६ : झाकणावरचे नाव आणि पाटीवरचा क्रमांक

ओले इव्हिनरूडने १९०९ साली मिलवॉकीत विक्रीला आणलेले आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागच्या फळीला लावायचे इंजिन, मागच्या भागात पाहिले. आता चाळीस वर्षे पुढे येऊ. जॉन्सन कंपनीने १९४९ साली दहा अश्वशक्तीचे ‘क्यूडी’ हे मॉडेल काढले. तोपर्यंत पेट्रोलची टाकी इंजिनाच्या डोक्यावरच बसलेली असे आणि बहुतेक इंजिनांना न्यूट्रल नसे. दोरी ओढून इंजिन सुरू झाले की होडी लगेच चालू लागे. क्यूडीला पुढे, न्यूट्रल, मागे असा पूर्ण गिअर मिळाला आणि टाकी वेगळी होऊन होडीच्या तळाशी गेली. ही इंजिने पुढे १९६०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत निघत राहिली, आणि अमेरिकेतल्या तळ्याकाठच्या गॅरेजांतून ती आजही धूळ झटकून बाहेर येतात.

असे इंजिन हाती आले की पान्याला हात लावण्याआधी ते नेमके कोणते आहे हे ठरवा. झाकणावरच्या नावावर भरवसा ठेवू नका. सीअर्सच्या दुकानांत ‘एल्जिन’ नावाने विकली गेलेली पुष्कळ इंजिने विस्कॉन्सिनच्या वेस्ट बेंड कंपनीने, म्हणजे ॲल्युमिनियमची भांडी बनवणाऱ्या कंपनीने तयार केलेली होती. माँटगोमेरी वॉर्डची १९५०च्या दशकातली ‘सी किंग’ इंजिने गेल प्रॉडक्ट्सची. गेल हा आउटबोर्ड मरीन कॉर्पोरेशनचा, म्हणजे ओएमसीचा विभाग होता आणि जॉन्सन, इव्हिनरूड हे दोन्ही ब्रँडही ओएमसीचेच. त्यातच सत्तर वर्षांत कोणीतरी एका इंजिनाचे झाकण दुसऱ्यावर चढवलेले असण्याची शक्यता बरीच असते.

खरी ओळख पटते ती होडीच्या मागच्या फळीला इंजिन आवळणाऱ्या कंसावरच्या छोट्या धातूच्या पाटीवरून. रंगाच्या थराखाली ती दडलेली असेल तर थिनरच्या बोळ्याने हळुवार पुसा. सँडपेपर मारू नका, अक्षरे उथळ असतात. जॉन्सनच्या पाटीवर अक्षरे इंजिनाची जात सांगतात : सीडी साडेपाच अश्वशक्तीचे, क्यूडी दहाचे, आरडी पंचवीस आणि त्यापुढचे. अक्षरांनंतरचा आकडा वर्षागणिक वाढत जातो; क्यूडी-१० म्हणजे १९४९चे पहिले. इव्हिनरूडने त्याच शक्तींना नावे दिली : फिशरमन साडेपाच, स्पोर्टविन दहा, बिग ट्विन पंचवीस. १९८०पासूनच्या ओएमसी इंजिनांवर वर्ष अक्षरांत लपवलेले असते. आय, एन, टी, आर, ओ, डी, यू, सी, ई, एस या दहा अक्षरांना अनुक्रमे एक ते नऊ आणि शून्य असे आकडे द्यायचे. मॉडेलच्या शेवटच्या अक्षराआधी ‘सीयू’ असेल तर वर्ष १९८७.

पाटीच हरवली असेल तर टाकीची नळी बघा. दुहेरी नळी असेल तर टाकी दाबावर चालणारी आहे. एका नळीतून क्रँककेसमधली हवा टाकीत जाते आणि त्या दाबाने दुसरीतून पेट्रोल वर चढते. १९६०च्या सुमारास पेट्रोलपंप आले आणि ही पद्धत संपली. अशी टाकी वापरणार असाल तर नळ्या आणि झाकणाचे रबर नवेच घाला. दाबाखालचे पेट्रोल फुटक्या नळीतून कारंज्यासारखे उडते. इंजिन बंद केल्यावरही झाकण एकदम उघडू नका, आधी दाब हळूहळू सोडा.

ओळख चुकली तर पहिला फटका तेलाच्या प्रमाणाला बसतो. क्रँक साध्या बुशवर फिरणारी जुनी इंजिने १६:१ मागतात, म्हणजे चार लिटर पेट्रोलला पाव लिटर तेल. नीडल बेअरिंगवाल्या क्यूडीला २४:१, सहा लिटरला पाव लिटर. ५०:१ हे प्रमाण ओएमसीने १९६४पासून आणले. आजच्या सवयीने जुन्या इंजिनात तेवढेच तेल घातले तर इंजिन जाम होईल. तेल जास्त झाले तर फक्त धूर वाढतो.

आता पाने काढा. दोरी ओढायची घाई नको. आधी प्लग काढून सिलिंडरांत थोडे तेल सोडा, फ्लायव्हील हाताने सावकाश फिरवा, मग कॉम्प्रेशन मोजा. दोन्ही सिलिंडरांचे आकडे जवळपास सारखे आले तर इंजिन वाचवण्याजोगे आहे. फ्लायव्हील पुलरनेच काढा. क्रँकच्या टोकावर हातोडा मारू नका. फ्लायव्हीलखालच्या दोन कॉइलींचे आवरण तडकलेले असेल तर दोन्ही एकदम बदला आणि पॉइंटची गॅप ०.०२० इंच ठेवा. ओएमसीचे डिसेंबर २०००मध्ये दिवाळे निघाले, तरी या कॉइली आजही नव्या मिळतात, कारण त्या अनेक मॉडेलांना आणि अनेक वर्षांच्या इंजिनांना चालत.

सगळ्यात नाजूक दुखणे कार्बोरेटरमध्ये असते. त्यातला फ्लोट बुचाच्या लाकडाचा आणि त्यावर लाखेचा थर. ही लाख आपल्या ओळखीची : छोटा नागपूरच्या जंगलांतली लाख त्या काळी जगभर जाई. फर्निचरला पॉलिश करणारा कारागीर चपडा स्पिरिटमध्ये विरघळवतो, कारण लाख अल्कोहोलात विरघळते. पेट्रोलमधले इथेनॉलही अल्कोहोलच. अमेरिकेत ते साधारण दहा टक्के असते, आपल्याकडे आता वीस टक्क्यांपर्यंत गेले आहे. थर विरघळला की बूच पेट्रोल पिते, फ्लोट बुडतो, सुई बंद होत नाही आणि कार्बोरेटर गळू लागतो. लोक मग सुई बदलत बसतात. उपाय साधा आहे : जुना थर काढून, बूच पूर्ण वाळवून त्यावर इथेनॉलला दाद न देणारा लेप चढवा, नाहीतर प्लॅस्टिकचा फ्लोट बसवा.

गिअरबॉक्सचा खालचा स्क्रू काढल्यावर दुधाळ तेल आले तर पाणी शिरले आहे, सील बदला. पाण्याच्या पंपातला रबरी इम्पेलर कसाही दिसो, नवाच घाला. वर्षानुवर्षे एकाच जागी दबून त्याची पाती वाकून कडक झालेली असतात.

रंगाबद्दल माझे मत ठाम आहे. मूळ रंग आणि मूळ अक्षरपट्ट्या निम्म्या जरी शिल्लक असतील तरी त्यांना हात लावू नका. नवा रंग कोणालाही कधीही देता येतो, पण त्या वर्षी कारखान्यातून इंजिन कसे निघाले होते याचा पुरावा एकदा खरवडला की गेला.

पहिली चाचणी पाण्याने भरलेल्या पिंपात घ्या. पंप पूर्ण बुडेल एवढे पाणी हवे. कोरडे इंजिन काही सेकंद चालले तरी नवा इम्पेलर जळतो. आजच्या इंजिनांसारखी पाण्याची बारीक धार शोधू नका, क्यूडीला ती नसते. इंजिनाच्या पायाच्या मागच्या बाजूच्या छिद्रांतून धुरासोबत पाण्याचे तुषार येतात. ते दिसले आणि सिलिंडरच्या टोपीला हात टेकवता आला, म्हणजे पाणी फिरते आहे. पाच मिनिटे हळू चालवा, प्लग काढून रंग बघा आणि त्यानुसार कार्बोरेटरच्या सुया थोड्या थोड्या फिरवा.

पुढच्या आठवड्यात इंग्लंडमधल्या पूल बंदरातले ब्रिटिश सीगल.