पाठीवरचा पंप

पाठीवरचा फवारणी पंप सोळा लिटरचा असतो. भरला की त्याचं स्वतःचं वजन धरून तो सहज अठरा-वीस किलोंवर जातो, आणि बहुतेक वेळा हे ओझं एकट्यालाच पाठीला लावावं लागतं. माणूस पंप बांधावर टेकवतो, त्याच्याकडे पाठ करून बसतो, पट्ट्यांत हात घालतो आणि पुढे झुकून उठतो. तो झुकला की झाकणातून औषध गळतं आणि मानेवरून पाठीवर उतरतं. नव्या पंपाच्या डिझाइनचं काम आमच्याकडे आलं तेव्हा वहीत सगळ्यात आधी हे उठणं उतरलं.

औद्योगिक डिझाइन म्हणजे वस्तू देखणी करणं, असं समजून मुलं या क्षेत्रात येतात. वस्तू देखणी असावी असं मलाही वाटतं. पण २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. कारणं अनेक होती: जहाल औषधं, त्यांची मिश्रणं, अंगावर संरक्षक कपड्यांचा अभाव, उंच वाढलेलं पीक. त्यातला पंपाचा वाटा केवढा, ते कुणी मोजून सांगू शकणार नाही. तरीही पंप करणाऱ्यानं तो शून्य धरू नये, असं मी मानते.

गळती होते ती बहुधा झाकणाच्या मधल्या छिद्रातून. औषध संपत जाईल तशी टाकीत हवा शिरली पाहिजे, म्हणून छिद्र ठेवावंच लागतं. आतून रबराची पातळ झडप असते. तिच्यावर औषधाची साय धरली की ती नीट बसत नाही. दुसरी जागा झाकणाच्या कडेची. तोंड रुंद ठेवलं तर ओतताना सांडत नाही, पण झाकण मोठं झालं की ते ओल्या हातानं घट्ट बसवणं अवघड जातं.

फोमचे ठोकळे कापून, घासून आम्ही वेगवेगळ्या आकारांची झाकणं केली आणि शेतात नेली. चित्रात आम्ही बोटांच्या पकडीसाठी सुबक खाचा दिल्या होत्या. फवारणी करणारा गडी बोटं वापरतच नव्हता. तो तळहाताची गादी कडेवर टेकवून झाकण रेटत होता. पाणी आणणारी, औषध कालवणारी आणि कितीतरी वेळा झाकण उघडणारी बाई होती. तिचा हात त्याच्यापेक्षा बराच लहान. काम देणाऱ्या कंपनीच्या कागदांत ‘वापरकर्ता’ म्हणून तिचा उल्लेखही नव्हता. शेवटी खाचा गेल्या, त्यांच्या जागी चार जाड कान आले, आणि झाकणाचा व्यास तिच्या पंजावरून ठरला.

मग झाकणाचा साचा करायला भोसरीतलं टूलरूम. तिथल्या मिस्त्रींनी ड्रॉइंगवर बोट ठेवलं, “मॅडम, हा तुकडा साच्यातून सुटायचा कसा?” भिंती अगदी सरळ चालत नाहीत, एक-दोन अंशांचा उतार, म्हणजे ड्राफ्ट लागतो. आतली आधाराची पट्टी, म्हणजे रिब, भिंतीइतकी जाड केली तर प्लास्टिक थंड होताना बाहेर खड्डा पडतो, म्हणून ती साधारण निम्म्या जाडीची ठेवतात. आतले आटे तर फारच नाजूक प्रकरण. पॉलिप्रोपिलीन लवचिक असतं. आटे गोलसर ठेवले तर झाकण साच्याच्या आतल्या गाभ्यावरून, म्हणजे कोअरवरून, ओढून काढता येतं. आटे टोकदार हवे असतील तर फिरवून सोडवणारा साचा करावा लागतो, आणि तो पुष्कळच महाग पडतो. ही माहिती पुस्तकांतही मिळते. मला ती पटली मिस्त्रींनी जुना साचा उघडून दाखवला तेव्हा.

पालक विचारतात, शिकायचं कुठे आणि पुढे काय? अहमदाबादची एनआयडी ही डिझाइन संस्था १९६१ पासून आहे, पवईच्या आयआयटीतलं आयडीसी हे डिझाइन केंद्र १९६९ पासून. आपण ज्याचं निळं बटण दाबतो त्या मतदान यंत्राच्या डिझाइनमध्ये आयडीसीच्या प्राध्यापकांचा हात आहे. बारावीनंतर यूसीड ही प्रवेश परीक्षा कुठल्याही शाखेतून देता येते, पदवीनंतर सीड. परीक्षेसाठी चित्रकलेचा सराव सगळेच करतात. मी मुलांना सांगते, घरातल्या मिक्सरचं भांडं धुताना आईचा हात कुठे अडतो, ते आठवडाभर बघ आणि काढ. कामं आहेत, विशेषतः पुण्यात: वाहनं, घरगुती यंत्रं, वैद्यकीय उपकरणं. जास्त पगारासाठी बरेच जण मोबाइल ॲपच्या पडद्यांकडे वळतात. त्यांना दोष देता येत नाही, पण मला वाईट वाटतं. फवारणी पंप, विळे, हातगाड्या यांच्याकडे बघणारी माणसं आधीच थोडी आहेत.

बॅटरीच्या पंपानं दांडा मारणाऱ्या हाताची सुटका केली, हे चांगलंच झालं. झाकणाचा प्रश्न मात्र तसाच आहे. कपाशी छातीला लागेल तेव्हा नमुने घेऊन आम्हाला पुन्हा विदर्भात जायचं आहे. त्याआधी भोसरीहून पहिले शॉट, म्हणजे साच्यातून निघालेली पहिली झाकणं, हाती यायला हवेत, आणि साच्याच्या पोलादाला पाणी द्यायचं अजून बाकी आहे.