जुनी गाडी ठेवावी की नवी घ्यावी?

एक लिटर पेट्रोलचे वस्तुमान सुमारे ७५० ग्रॅम असते. ते जळल्यावर मात्र सुमारे २.३ किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड तयार होतो. हे जादा वस्तुमान आले कुठून? वर्गात विचारून पाहावे. ते हवेतून येते: कार्बनच्या १२ भागांना ऑक्सिजनचे ३२ भाग येऊन मिळतात.

एवढा आकडा हाताशी असला की घरोघरी पडणाऱ्या वरील प्रश्नाचा हिशोब आपल्याला मांडता येतो. नवी गाडी बनवतानाही इंधन जळतेच. पोलाद, अॅल्युमिनियम, काच यांना कोळसा आणि वीज लागते. एका लहान मोटारीच्या निर्मितीत ५ टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो असे आपण धरू.

मुंबईत वर्षानुवर्षे टॅक्सी म्हणून धावलेल्या प्रीमियर पद्मिनीचे उदाहरण घेऊ. ती लिटरला १० किलोमीटर जाते आणि नवी गाडी २०, असे मानू. घरची पद्मिनी वर्षाला ३,००० किलोमीटर फिरत असेल, तर नव्या गाडीमुळे १५० लिटर पेट्रोल, म्हणजे ३४५ किलोग्रॅम वायू वाचेल. ५ टनांची फेड व्हायला साडेचौदा वर्षे लागतील! तीच गाडी पेट्रोलवरची टॅक्सी म्हणून वर्षाला ४०,००० किलोमीटर धावली तर? बचत ४,६०० किलोग्रॅम, आणि फेड जेमतेम तेरा महिन्यांत. शिवाय विकलेली जुनी गाडी दुसरा कोणी चालवतच राहिला, तर ही बचत कागदावरच राहते.

पण धुरात एवढेच नसते. कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेले हायड्रोकार्बन शेजारून चालणाऱ्याच्या फुप्फुसात जातात. त्यांना आवरणारा उत्प्रेरक परिवर्तक भारतात १९९५ पासून, आधी चार महानगरांतल्या नव्या पेट्रोल मोटारींना सक्तीचा झाला. त्याआधीच्या गाड्यांत तो नाही. दाट वस्तीत दिवसभर फिरणाऱ्या गाडीसाठी हा मुद्दा निर्णायक ठरतो. मुंबईत टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा घातली गेली. २००३ मध्ये नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये थांबली.

तेव्हा केवळ गाडीचे वय पाहून भागत नाही. ती वर्षाला किती धावते आणि कुठे धावते, हेही विचारायला हवे. कमी फिरणाऱ्या गाडीच्या चाकांत योग्य हवा, स्वच्छ एअर फिल्टर आणि वेळेवर ट्यूनिंग एवढे सांभाळले, तरी पुष्कळ साधते. विद्यार्थ्यांना आपल्या घरच्या स्कूटरचे आकडे घेऊन हाच हिशोब करायला सांगावा.