निर्बीजीकरण न झालेल्या कुत्र्याची निवड

निर्बीजीकरण न झालेला कुत्रा म्हणजे ज्याच्या जननग्रंथी शस्त्रक्रियेने काढलेल्या नाहीत असा प्रजननक्षम पाळीव कुत्रा. नरामध्ये वृषणे व मादीमध्ये अंडाशय या त्या ग्रंथी होत. पैदास, राखण, शिकारी जातींचे जतन किंवा शरीराची वाढ पूर्ण होईपर्यंत शस्त्रक्रिया लांबवणे, अशा विविध हेतूंनी असा कुत्रा निवडला जातो. महाराष्ट्रातील भंडारा जिल्ह्यासारख्या ग्रामीण व वनालगतच्या भागात असा कुत्रा मिळणे अवघड नसते. त्याची पारख करणे आणि त्याच्या संततीची जबाबदारी घेणे हे मात्र काळजीपूर्वक करावे लागते.

संज्ञा आणि ओळख

बोलीभाषेत निर्बीजीकरण, नसबंदी आणि खच्चीकरण हे शब्द एकाच अर्थाने वापरले जातात. पशुवैद्यकशास्त्रात मात्र त्यांत भेद आहे. नसबंदीत केवळ शुक्रवाहिन्या बांधल्या किंवा कापल्या जातात. वृषणे व त्यांतील संप्रेरके कायम राहतात. असा नर माजावरील मादीमागे जातो, परंतु त्यापासून गर्भधारणा होत नाही. खच्चीकरणात वृषणे काढली जातात. मादीच्या शस्त्रक्रियेत अंडाशय, आणि बहुधा त्यांबरोबर गर्भाशयही काढले जाते.

प्रौढ नराचे निर्बीजीकरण झाले आहे की नाही हे वृषणकोश तपासून सामान्यतः कळते. मादीची ओळख अधिक कठीण असते. पोटाच्या मध्यरेषेवर किंवा उजव्या कुशीवर शस्त्रक्रियेचा व्रण असू शकतो, पण केसांमुळे तो दिसत नाही. भटक्या कुत्र्यांच्या जन्मनियंत्रण कार्यक्रमात शस्त्रक्रिया झालेल्या कुत्र्याच्या कानाला खाच पाडतात. कानाला अशी खूण असलेला कुत्रा प्रजननक्षम नसतो. खूण नसणे हा मात्र प्रजननक्षमतेचा पुरावा ठरत नाही, कारण खासगी दवाखान्यात शस्त्रक्रिया झालेल्या पाळीव कुत्र्यांचे कान सहसा कापलेले नसतात.

कायदेशीर चौकट

भारतात पाळीव कुत्र्याचे निर्बीजीकरण करण्याची सक्ती सर्वसाधारणपणे नाही. प्राणी जन्मनियंत्रण नियम, २०२३ यांनी २००१ च्या नियमांची जागा घेतली. त्यांनुसार रस्त्यावरील कुत्र्यांचे निर्बीजीकरण व लसीकरण ही स्थानिक स्वराज्य संस्थांची जबाबदारी आहे, तर पाळीव कुत्र्याची जबाबदारी त्याच्या मालकाची आहे.

व्यावसायिक पैदाशीला प्राणी क्रूरता प्रतिबंध (कुत्र्यांची पैदास व विपणन) नियम, २०१७ लागू होतात. कुत्रा निवडणाऱ्याच्या दृष्टीने त्यांतील पुढील तरतुदी महत्त्वाच्या आहेत :

- पैदासकाराची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी असणे आवश्यक आहे.
- आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही.
- सहा महिने किंवा त्याहून अधिक वयाचा कुत्रा निर्बीजीकरण केल्याशिवाय विकता येत नाही. दुसऱ्या परवानाधारक पैदासकाराला केलेली विक्री हाच त्याला अपवाद आहे.
- विकलेल्या कुत्र्याचे लसीकरण झालेले असावे व त्याला ओळखीची मायक्रोचिप बसवलेली असावी.
- मादी किमान १८ महिन्यांची व निरोगी असल्याशिवाय तिच्यापासून पैदास करता येत नाही, आणि तिच्या आयुष्यात पाचांहून अधिक वेळा विणी घेता येत नाहीत.

यांतील तिसऱ्या तरतुदीचा परिणाम दूरगामी आहे. सामान्य ग्राहकाला प्रजननक्षम प्रौढ कुत्रा पैदासकाराकडून नियमानुसार विकत मिळू शकत नाही. त्याने पिल्लूच घ्यावे लागते. अनेक प्राणीसेवी संस्थाही प्रौढ कुत्रे शस्त्रक्रिया करूनच दत्तक देतात. त्यामुळे पिल्लाच्या अंगी पुढे कोणते गुण उतरतील याचा अंदाज बांधणे हाच निवडीचा गाभा ठरतो.

भंडारा जिल्ह्यातील परिस्थिती

भंडारा, तुमसर, मोहाडी, साकोली, लाखनी, लाखांदूर आणि पवनी हे या जिल्ह्याचे सात तालुके आहेत. वैनगंगेच्या खोऱ्यातील हा प्रदेश भातशेती व तलावांसाठी प्रसिद्ध आहे. येथील गावांत कुत्रा मुख्यत्वे घर, गोठा, शेळ्या आणि धानाचे शेत यांच्या राखणीसाठी पाळला जातो. राखणीचे बहुतेक कुत्रे गावठी असतात व पिल्ले ओळखीच्या घरातून विनामूल्य मिळतात.

कुत्री भाद्रपदात माजावर येतात ही महाराष्ट्रातील जुनी लोकसमजूत आहे. घरात पाळलेली मादी वर्षाच्या कोणत्याही महिन्यात माजावर येऊ शकते. मोकाट कुत्र्यांच्या बाबतीत मात्र या समजुतीत तथ्य आहे. पश्चिम बंगालमधील अभ्यासांतही पावसाळ्याच्या उत्तरार्धात व शरद ऋतूत समागम आणि हिवाळ्यात पिल्ले असा क्रम आढळला आहे. गर्भधारणेचा काळ सुमारे ६३ दिवसांचा असल्याने भाद्रपदातील समागमापासूनची पिल्ले कार्तिक-मार्गशीर्षात जन्मतात आणि पौष-माघात आठ आठवड्यांची होतात. धानाच्या हंगामानंतरचा हा काळ गावात पिल्लू निवडण्यास सोयीचा असतो. या काळात आई, तिची सर्व पिल्ले आणि पुष्कळदा बापही एकाच वस्तीत पाहता येतो. विकत घेतलेल्या पिल्लाच्या बाबतीत ही संधी क्वचितच मिळते.

साध्या तपासणीसाठी व लसीकरणासाठी गावाजवळील पशुवैद्यकीय दवाखाना उपयोगी पडतो. गुंतागुंतीच्या उपचारांसाठी सुमारे ६० किलोमीटरवरील नागपूर येथे महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न पशुवैद्यक महाविद्यालय आहे.

निवडीचे निकष

आईवडील : पिल्लाच्या रूपापेक्षा आईचा स्वभाव अधिक सांगून जातो. मालक जवळ असताना परक्याला पाहून मादी भुंकते आणि मालकाने शांत केल्यावर थांबते, तर ती राखणीला योग्य समजावी. सतत घाबरणारी किंवा विनाकारण चावणारी मादी असल्यास तिची पिल्ले टाळणे इष्ट होय. विणीनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतील मादीचा आक्रमकपणा मात्र स्वाभाविक असतो. तो तिचा कायमचा स्वभाव मानू नये.

वय : आठ आठवड्यांपूर्वी पिल्लाला आईपासून तोडू नये. भावंडांशी खेळताना चावण्याचा जोर आवरण्याचे शिक्षण त्याला याच काळात मिळते. वयाच्या तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंत माणसांच्या व घरगुती जनावरांच्या सहवासात वाढलेले पिल्लू पुढे सहसा कमी भित्रे होते.

शरीर : डोळे व नाक स्वच्छ असावे, हिरड्या गुलाबी असाव्यात. जंतांमुळे फुगलेले पोट, हगवण, खोकला ही आजाराची लक्षणे होत. नर पिल्लाची दोन्ही वृषणे सामान्यतः दोन महिन्यांच्या सुमारास कोशात उतरलेली असतात. सहा महिन्यांनंतरही एखादे वृषण पोटात राहिल्यास त्यात अर्बुद होण्याचा धोका वाढतो. हा दोष आनुवंशिक असल्याने अशा नरापासून पैदास करू नये व पोटातील वृषण काढून घ्यावे, असे पशुवैद्यकशास्त्र सांगते. नाभीचा हर्निया किंवा जबड्याचा दोष असलेले पिल्लू प्रेमाने पाळता येते, पण पैदाशीसाठी निवडले जात नाही.

नर की मादी : प्रजननक्षम नर लघवीने हद्द आखतो, इतर नरांशी भांडतो आणि माजावरील मादीच्या वासाने दूरवर भटकतो. राखणीचा कुत्रा नेमका अशाच दिवसांत घर सोडतो, हा कुंपण नसलेल्या शेतघरात येणारा अनुभव आहे. मादी बहुधा वस्तीला धरून राहते, परंतु साधारण दर सहा-सात महिन्यांनी माजावर येते आणि त्या काळात दोन ते तीन आठवडे तिला बंदिस्त ठेवावे लागते. निर्बीजीकरण केल्याने कुत्रा राखण करीत नाही हा समज चुकीचा आहे. परक्याला पाहून भुंकणे आणि घराचे रक्षण करणे हे मुख्यत्वे स्वभाव व सवय यांवर अवलंबून असते.

आरोग्यविषयक बाबी

प्रजननक्षम मादीला असलेला सर्वांत गंभीर धोका म्हणजे गर्भाशयात पू साठणे. पायोमेट्रा या नावाने ओळखला जाणारा हा विकार माज ओसरल्यानंतरच्या काही आठवड्यांत उद्भवतो. अति तहान, मंदावलेली भूक, सुस्ती आणि काही वेळा योनीतून दुर्गंधीयुक्त स्राव ही त्याची लक्षणे आहेत. उपचारास उशीर झाल्यास मादी दगावते. निर्बीजीकरणाचे प्रमाण अल्प असलेल्या स्वीडनमधील विमानोंदींच्या अभ्यासात दहा वर्षे वयापर्यंत सुमारे एक चतुर्थांश माद्यांना हा विकार झाल्याचे दिसून आले. वाढत्या वयात माद्यांना स्तनांच्या गाठी आणि नरांना प्रोस्टेट ग्रंथीची वाढ होण्याचीही शक्यता असते.

मोकाट कुत्र्यांची संख्या मोठी असलेल्या प्रदेशांत टीव्हीटी या संक्षेपाने ओळखली जाणारी जननेंद्रियांची संसर्गजन्य गाठ आढळते. तिचे वैशिष्ट्य असे की येथे विषाणू नव्हे, तर कर्करोगाच्या जिवंत पेशीच समागमाच्या वेळी एका कुत्र्यातून दुसऱ्यात जातात. जननेंद्रियातून वारंवार रक्त ठिबकणे हे तिचे प्रमुख लक्षण होय. ते माजाचे रक्त समजून दुर्लक्षिले जाण्याचा संभव असतो. व्हिंक्रिस्टीन या औषधाने बहुतेक कुत्रे बरे होतात.

दुसऱ्या बाजूस, अतिलहान वयातील निर्बीजीकरणाचेही काही तोटे आहेत. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, एक वर्षाच्या आत शस्त्रक्रिया झालेल्या गोल्डन रिट्रीव्हर कुत्र्यांमध्ये सांध्यांचे विकार अधिक आढळले. पुढील अभ्यासांत लहान आकाराच्या जातींमध्ये असा परिणाम फारसा दिसला नाही. त्यामुळे मोठ्या आकाराच्या कुत्र्यांची शस्त्रक्रिया वाढ पूर्ण झाल्यावर करण्याचा सल्ला अनेक पशुवैद्यक देतात.

जबाबदारी व वन्यजीव

नको असलेली पिल्ले बाजारात, महामार्गावर किंवा जंगलाच्या कडेला सोडण्याची प्रथा ग्रामीण भागात आहे. उपासमार होईल अशा स्थितीत प्राण्याला सोडून देणे हा प्राणी क्रूरता प्रतिबंध अधिनियम, १९६० नुसार गुन्हा आहे.

भंडारा जिल्ह्यात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प गोंदिया व भंडारा जिल्ह्यांत पसरला असून कोका अभयारण्य त्याचाच भाग आहे. पवनी तालुक्याला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य लागून आहे. वाघ, बिबट्या व रानकुत्रा हे येथील प्रमुख मांसभक्षक प्राणी आहेत. पाळीव कुत्र्यांतील डिस्टेंपर हा विषाणूजन्य रोग या प्राण्यांनाही होऊ शकतो. १९९४ मध्ये टांझानियातील सेरेंगेटीत सुमारे एक तृतीयांश सिंह या रोगाने मेले, आणि २०१८ मध्ये गुजरातमधील गीर येथील सिंहांच्या मृत्यूंमागेही हाच विषाणू आढळला. पुणे जिल्ह्यातील माळरानावर लांडगा व कुत्रा यांचा संकर झाल्याचे जनुकीय तपासणीत स्पष्ट झाले आहे. वनालगतच्या गावातील प्रत्येक अनिर्बंध वीण अशा रीतीने मालकाच्या अंगणाबाहेरचाही प्रश्न बनते.

म्हणूनच प्रजननक्षम कुत्रा पाळणाऱ्याने किमान पुढील गोष्टी पाळणे अपेक्षित असते : डिस्टेंपर व पार्व्हो यांच्या लसी सहा ते आठ आठवड्यांपासून क्रमाने देणे, रेबीजची लस तीन महिन्यांनंतर देऊन तिची मात्रा पशुवैद्यकाच्या सल्ल्याने नियमित चालू ठेवणे, माजाच्या काळात मादीला बंद जागेत आणि नराला साखळीने बाहेर नेणे, पिल्लांना घर मिळण्याची निश्चिती झाल्याशिवाय समागम होऊ न देणे.

मतभेद

निर्बीजीकरणाविषयी जगभर एकवाक्यता नाही. अमेरिकेत पाळीव कुत्र्याचे निर्बीजीकरण हा जबाबदार पालकत्वाचा भाग मानला जातो. नॉर्वेत वैद्यकीय किंवा कल्याणविषयक कारणाशिवाय केवळ सोयीसाठी प्राण्याचा अवयव काढण्यास कायद्याची संमती नाही. तेथे कुत्रे मोकाट फिरत नाहीत, म्हणून प्रजननक्षम कुत्रा पाळूनही अनिर्बंध विणी टळतात. भारतीय खेड्यात कुत्रा दिवसभर मोकळा असतो, त्यामुळे तेथील पद्धत जशीच्या तशी येथे लागू पडत नाही. कुत्र्याला बंदिस्त ठेवणे शक्य नसेल, तर पिल्लाची वाढ पूर्ण होताच त्याचे निर्बीजीकरण करणे हा सर्वसाधारणपणे मान्य असलेला पर्याय आहे. निवडीच्या वेळी प्रजननक्षम असलेला कुत्रा आयुष्यभर तसाच ठेवावा लागतो असे नाही.

हेही पाहा

- कुत्रा
- रेबीज
- कारवानी कुत्रा
- रानकुत्रा
- नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प
- भंडारा जिल्हा