फ्रिजपर्यंत न पोचलेले दोन व्होल्ट

आईच्या इन्सुलिनची न उघडलेली कुपी २ ते ८ अंशांत ठेवावी लागते. उघडलेली चार आठवडे खोलीत चालते, पण ती खोली तीस अंशांच्या आतली हवी. मे महिन्यात आमच्या अमरावतीत पारा ४५कडे सरकतो, तेव्हा अशी खोली आणायची कुठून? म्हणून जुन्या बारा सिटांच्या गाडीची मागची काही बाकं काढून आम्ही मुक्कामाची गाडी केली, तेव्हा पलंगाच्याही आधी फ्रिज बसवून घेतला. बारा व्होल्टवर चालणारा, छोट्या कॉम्प्रेसरचा. त्याच्यासाठी बाकाखाली दुसरी बॅटरी आणि दोन्ही बॅटऱ्यांच्या मध्ये एक रिले. इंजिन चालू असलं की रिलेने दोन्ही जोडायच्या, बंद झालं की तोडायच्या. रात्रभर फ्रिजने मागची बॅटरी कितीही खाल्ली, तरी सकाळी सेल्फ मारायला पुढची शाबूत राहावी, एवढ्यासाठी हा खटाटोप.

आणि चिखलदऱ्याच्या पहिल्याच मुक्कामानंतर सकाळी सेल्फ टकटक करून गप्प झाला. पुढची बॅटरी उतरली होती. दुसरी तक्रार वेगळीच: गाडी पळत असतानाही फ्रिज मध्येच बंद पडायचा. एका कारागिराने बॅटरी बदलली. दुसऱ्याने रिले बदलला आणि हादऱ्यांनी काहीतरी लूज झालं असेल, असं सांगितलं. मेळघाटच्या रस्त्यांवर हे मी मान्य केलं असतं. पण फ्रिज अमरावती-अकोला महामार्गावरही बंद पडला. याच महामार्गावर जून २०२२मध्ये लोणी ते माना या पट्ट्यात १०५ तास ३३ मिनिटांत सलग ७५ किलोमीटर डांबरीकरण झालं आणि गिनेस बुकात नोंद झाली. तिथे हादरे कसले?

अकोल्यात, बाळापूरच्या वाटेवरच्या एका पत्र्याच्या शेडखाली, पन्नाशीच्या ऑटो इलेक्ट्रिशियन भाऊंनी आमची सगळी कहाणी ऐकून घेतली आणि एकच विचारलं, "बॅटरी बदलली म्हनता, रिले बदलला म्हनता. मोजलं कोनं?"

कोणीच नव्हतं मोजलं.

त्यांनी इंजिन बंद ठेवून मल्टिमीटर मागच्या बॅटरीला लावला. १२.६. चांगली भरलेली. मग ह्यांना हेडलाइट लावायला सांगितले. हेडलाइट पुढच्या बॅटरीवर चालतात, त्यांचा मागच्या बॅटरीशी संबंध नाही. तरीही मीटरवरचा आकडा खाली आला: १२.५, मग १२.४.

"पाहा ताई. लाइट पुढचीवर लावला अन् उतरून राह्यली मागची. दोघी जोडलेल्याच हायेत."

रिलेवर चार आकडे कोरलेले असतात. ८५ आणि ८६ ही आतल्या गुंडाळीची टोकं, तिला वीज मिळाली की चुंबक तयार होतं. ३० आणि ८७ यांच्यामधली पट्टी त्या चुंबकाने ओढली जाऊन जोडली जाते. भाऊंनी ८६ची वायर काढली. चुंबक गेलं, पट्टी सुटायला हवी होती. मीटरवर फरक नाही. मग त्यांनी स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने रिलेला हलकेच ठोकलं. टक् असा बारीक आवाज आला आणि मागच्या बॅटरीचा आकडा वर चढला. झाकण उघडलं, तर आतले पॉइंट काळे पडून वितळलेले. महिन्याभरापूर्वी बदललेला हा रिले.

मी मनात म्हटलं, झालं, आता तिसरा रिले. पण त्यांनी नवा रिले हातातही घेतला नाही. ८६ची वायर बोटांनी चाचपत ते डॅशबोर्डखाली शिरले आणि बाहेर येऊन म्हणाले, "चाबीवरून घेतली हाय."

सगळा घोळ इथेच होता. चावी फिरवताच, इंजिन चालू होण्याआधीच रिले जोडला जायचा. मग सेल्फ मारला की सेल्फ आपली वीज दोन्ही बॅटऱ्यांमधून ओढायचा. सेल्फला शंभर-दीडशे अँपिअर सहज लागतात, आणि रिलेवर लिहिलं होतं ३०. दर वेळी पॉइंटवर ठिणगी, आणि एक दिवस ते चिकटले. रिले कितीही वेळा बदला, तो असाच जळणार होता. भाऊंनी गुंडाळीची वायर अल्टरनेटरच्या दिव्याच्या टर्मिनलवरून घेतली, म्हणजे इंजिन फिरून चार्जिंग सुरू झाल्यावरच रिले लागेल. रिले १०० अँपिअरचा, वायर जाड, आणि दोन्ही बॅटऱ्यांपाशी एकेक फ्यूज. आधी फ्यूज एकही नव्हता, हे ऐकून मला घाम फुटला. त्याच बाकावर आई झोपते.

फ्रिजचं दुखणं निराळं निघालं. प्लगमध्ये मीटर लावला तर १२.५. मी म्हटलं, इथे तर वीज आहे. "रिकाम्या वायरीले इचारून काय फायदा? काम करू द्या तिले." कॉम्प्रेसर सुरू होईपर्यंत ते मीटर धरून उकिडवे बसून राहिले. तो घुरघुरला आणि आकडा १०.३वर आपटला, दोन सेकंदांत फ्रिज बंद. त्याच क्षणी बॅटरीवर १२.४ होते. म्हणजे २.१ व्होल्ट वाटेत गळत होते. मीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लसला, दुसरं प्लगच्या प्लसला लावून पुन्हा चालू केलं: ०.४. मग मायनसच्या बाजूने: १.७. आता शोधायला एकच वायर उरली. ती बाकामागे बॉडीला बोल्टने कसली होती, रंगावरच. थिंबलखाली गंजाचा लाल भुगा.

मला त्या माणसाबद्दल वाटलेला आदर इथे सांगितलाच पाहिजे. ४४ अंशांत, पत्र्याखाली, एकही सामान अंदाजाने न बदलता दीड तास ते मोजत होते.

मायनसची नवी जाड वायर थेट बॅटरीपर्यंत ओढली. इंजिन बंद, हेडलाइट चालू, मीटर मागच्या बॅटरीवर. आकडा हलला नाही. मग मीटर फ्रिजच्या प्लगमध्ये घालून ते पुन्हा उकिडवे बसले, आणि त्यांच्या शेजारी मीही बसले. कॉम्प्रेसर घुरघुरला. १२.०.