आयनांबरातील रात्रकालीन इलेक्ट्रॉन घनता

आयनांबर हा पृथ्वीच्या वातावरणाचा सुमारे ६० ते १,००० किमी. उंचीवरील विद्युत्-भारित भाग होय. सूर्याचे जंबुपार किरण व क्ष-किरण तेथील रेणू-अणूंपासून इलेक्ट्रॉन वेगळे करतात. सूर्यास्तानंतर ही निर्मिती जवळजवळ थांबते. परंतु इलेक्ट्रॉन व धन आयन यांचा पुनःसंयोग चालूच राहतो. त्यामुळे रात्री इलेक्ट्रॉनांची घनता घटते. ही घट सर्व थरांत सारखी नसते.

थरांनुसार बदल

डी थर (सुमारे ६० ते ९० किमी.) : येथे हवा तुलनेने दाट असल्याने पुनःसंयोग त्वरित होतो आणि सूर्यास्तानंतर हा थर जवळजवळ नाहीसा होतो.

ई थर (सुमारे ९० ते १५० किमी.) : दिवसा प्रति घन सेंमी. सुमारे १ लाख इलेक्ट्रॉन असतात. रात्री ते काही हजारांवर येतात. पृथ्वीभोवतीच्या विरळ हायड्रोजनाने विखुरलेले जंबुपार किरण व ताऱ्यांचा प्रकाश यांमुळे हा थर पूर्णपणे लोपत नाही.

एफ थर (१५० किमी.च्या वर) : दिवसाचे एफ-१ व एफ-२ हे उपथर रात्री एकरूप होतात. येथील मुख्य आयन ऑक्सिजन अणूचे असतात. त्यांचा इलेक्ट्रॉनांशी थेट संयोग अत्यंत मंद असतो; प्रथम त्यांचा भार रेणूंकडे जावा लागतो आणि त्या उंचीवर रेणू विरळ असतात. शिवाय दिवसा वर साठलेले आयन व इलेक्ट्रॉन रात्री खाली उतरतात. म्हणून हा थर रात्रभर टिकतो. त्याची घनता साधारणतः पहाटे, सूर्योदयापूर्वी, किमान असते.

याला अपवादही आहेत. अंटार्क्टिकाजवळील वेडेल समुद्राच्या परिसरात तेथील उन्हाळ्यात एफ थराची घनता दुपारपेक्षा रात्री अधिक आढळते.

रेडिओ तरंगांवरील परिणाम

१९०२ मध्ये ‘फिलाडेल्फिया’ जहाजावरून प्रवास करताना मार्कोनी यांना दिवसा सुमारे ७०० मैलांपर्यंत, तर रात्री २,००० मैलांपर्यंत संकेत मिळाले. डी थरात इलेक्ट्रॉन वायुरेणूंवर आदळून तरंगांची ऊर्जा शोषून घेतात. रात्री हा अडथळा दूर होतो आणि तरंग वरच्या थरांवरून परावर्तित होतात. दूरची मध्यम तरंग केंद्रे रात्री ऐकू येतात ती यामुळेच. उलट, एफ थराची घनता घटल्याने उच्च कंप्रतेचे तरंग परत न येता अवकाशात निघून जातात. म्हणून लघुतरंग केंद्रांना रात्री कमी कंप्रता वापरावी लागते.

भारतीय प्रदेश

चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जाते. तेथे सूर्यास्ताच्या सुमारास विद्युत् क्षेत्र वाढून एफ थर वर उचलला जातो. त्याखालील थर विरळ झालेले असल्याने तो अस्थिर होतो आणि त्यात अल्प घनतेचे ‘प्लाझ्मा बुडबुडे’ निर्माण होतात. हे बुडबुडे वर चढत उत्तर-दक्षिण पसरतात. त्यांतून जाणाऱ्या उपग्रह-संकेतांची तीव्रता झपाट्याने कमीजास्त होते व काही वेळा संपर्क तुटतो. विमानांना मार्गदर्शन करणाऱ्या ‘गगन’ यांसारख्या प्रणालींसाठी ही गंभीर अडचण आहे; कारण दोन कंप्रता वापरून संकेताचा विलंब दुरुस्त करता येतो, पण तुटलेला संकेत भरून काढता येत नाही. विषुवदिनांच्या आसपास व सूर्य अधिक सक्रिय असताना भारतीय प्रदेशात हे बुडबुडे जास्त आढळतात. कोल्हापूर येथे रात्रीच्या आकाशातील मंद वायुदीप्तीची छायाचित्रे घेऊन त्यांचा अभ्यास केला जातो.